कुलाबा किनारा आणि वेड्यांचें दप्तर : साधनांची एक चिकित्सा

(१)

विसाव्या शतकाच्या मध्यकाळीं मनोरुग्णांची सार्वजनिक शुश्रूषा आपल्याकडे कशी होत असे, या प्रश्नाचा विचार आजवर बहुतेक वैद्यकाच्या इतिहासकारांनींच केला आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनीं व जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं तो आपला विषय मानिल्याचें फारसें दिसत नाहीं. या विषयावर लिहूं लागणारा लेखक प्रथम एकाच ग्रंथाकडे वळतो. ऑक्टोबर १९४३ मध्यें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीचा, १९४६ मध्यें चार खंडांत प्रसिद्ध झालेला अहवाल तो हा होय. त्यांतील मनोरुग्णांसंबंधींचा भाग, व त्यास आधारभूत असलेली रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांची पाहणी, हीं दोन्ही आज सर्वत्र प्रमाण मानिलीं जातात.

प्रस्तुत लेखांत तें प्रमाण एका लहान प्रदेशाच्या कसोटीस लावून पाहावयाचें आहे. तो प्रदेश म्हणजे रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा कुलाबा जिल्ह्याचा किनारा. या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हें नांव आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : भोर समितीनें मनोरुग्णांची शुश्रूषा खाटांनीं मोजिली. त्या मापानें पाहिलें असतां या किनाऱ्यास सांगण्याजोगा इतिहासच उरत नाहीं. परंतु इतिहास आहे. तो इस्पितळाच्या दप्तरांत नसून, रुग्ण इस्पितळाकडे निघण्यापूर्वीं जे कागद झाले त्यांत आहे. ते कागद आज रद्दीच्या वाटेला लागले आहेत, आणि ते वांचविणें हें आमच्या वाचकवर्गाच्याच हातीं आहे.

शब्दांविषयीं एक खुलासा आरंभींच केलेला बरा. जुन्या कागदांत 'वेडा', 'भ्रमिष्ट', 'खुळा' असे शब्द येतात. सरकारी कायद्यांत 'ल्यूनॅटिक' हा शब्द येतो. ते येथें साधनांतील शब्द म्हणून घेतले आहेत, कोणाही रुग्णाचें वर्णन म्हणून नव्हे.

(२)

प्रथम अहवालाचें प्रतिपादन पाहूं. इंग्लंडांत सुमारें तीनशें लोकवस्तीमागें मनोरुग्णांसाठीं एक खाट होती. हिंदुस्थानांत चाळीस हजारांमागें एक. दर हजारीं दोन माणसें मनोरुग्ण धरलीं, तर चाळीस कोटींच्या देशांत आठ लक्ष रुग्णांची सोय व्हावयास पाहिजे होती. प्रत्यक्षांत खाटा होत्या दहा हजारांहून किंचित् अधिक. टेलर यांनीं देशांतील इस्पितळें पाहून असें मत दिलें, कीं त्यांतील बहुतेक जुनाट असून उपचारापेक्षां कोंडून ठेवण्याच्या हेतूनें बांधलेलीं आहेत. सर्वांत वाईट म्हणून त्यांनीं पंजाब, ठाणें, आग्रा व नागपूर या चार ठिकाणांचीं नांवें घेतलीं. त्यांस तुरुंगाची व कंगालखान्याची कळा आली असून तीं नव्यानें बांधावीं, असें त्यांचें सांगणें होतें.

सरकारनें नेमिलेल्या समितीनें सरकारच्याच इस्पितळांविषयीं इतकें स्पष्ट लिहावें, हें त्या अहवालाचें मोठेपण होय, आणि तें आम्ही कमी लेखीत नाहीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या चार नांवांत ठाण्याचें नांव असणें विशेष महत्त्वाचें आहे. ठाण्याजवळ नौपाडा येथील इस्पितळ १९०१ मध्यें स्थापन झालें. स्वातंत्र्यापूर्वींच्या शेवटच्या दशकांत मुंबई प्रांतांत सरकारी मनोरुग्णालयें होतीं तीं येरवडा, ठाणें, रत्नागिरी, धारवाड व अहमदाबाद येथें. कुलाबा जिल्ह्यांत एकही नव्हतें. उत्तरेस ठाणें आणि दक्षिणेस १८८६ पासूनचें रत्नागिरी, यांच्या मधला हा सारा किनारा. म्हणजे येथील रुग्णास जें इस्पितळ अंतरानें जवळचें, तेंच टेलर यांच्या यादींत देशांतील चार निकृष्टांपैकीं एक. मराठी बोलण्यांत 'ठाण्याला पाठवावें लागेल', 'येरवड्यास न्या' असे टोमणे रूढ झाले, त्यांत वेडाचा उच्चारही नसतो. गांवाचें नांव पुरतें. इस्पितळाची ही कीर्ति लोकांत किती खोल गेली होती, याची साक्ष कोणत्याही अहवालापेक्षां हे टोमणे अधिक चांगली देतात.

आतां अहवालाचा दोष. एक लक्ष वस्तीचा एखादा तालुका घ्या. अहवालाच्या मापानें तेथें दोनशें मनोरुग्ण असावे, आणि त्यांच्या वांट्यास साऱ्या देशाच्या सरासरीनें अडीच खाटा याव्या. त्या खाटा सर्व भरल्या असें धरलें, तरी उरलेले एकशें सत्त्याण्णव कोठें होते? त्यांना अन्न कोण घालीत होतें, रात्रीं कोण राखीत होतें, कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या देवास गाऱ्हाणें घातलें जात होतें, आणि त्यांच्यापैकीं किती बरे झाले? यावर अहवाल मौन आहे. समितीच्या लेखीं रुग्णाचा जन्म इस्पितळाच्या फाटकांत होतो. फाटकापूर्वींचें त्याचें आयुष्य म्हणजे केवळ एक 'उणीव'. खाटांच्या संख्येंतून वजा होणारा आंकडा.

शिवाय हजारीं दोन हा आंकडा येथें घरोघर फिरून मिळविलेला नव्हता. तो पाश्चात्त्य देशांतील अनुभवावरून बांधलेला अदमास होता. अदमास करण्यांत दोष नाहीं. परंतु पुढील लेखकांनीं तो इतक्या वेळां उतरून घेतला, कीं त्यास मोजणीची प्रतिष्ठा आली. नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे मूळ पोथींतील प्रक्षेप पवित्र होतो, हें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

जवळचें इस्पितळ हा शब्दही नकाशावरचा आहे. अलिबाग, चौल, मुरूड या भागांतील माणसाचा मुंबईशीं संबंध त्या काळीं मुख्यतः पाण्यावरून होता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तो प्रवास पावसाळ्यांत काय होता हें त्यावरून कळतें. अशा बोटींतून अनावर झालेल्या माणसास नेणें हें शहाण्या सोबत्यांसही कठीण. उलट, जो शांत होता व ज्याच्या घरीं ऐपत होती, तो मुंबईस जाऊन दिवसाच्या दिवस उपचार घेऊं शकत होता, कारण ज. जी. रुग्णालयांत डॉ. के. आर. मसानी यांनीं १९३८ मध्येंच मनोविकारांसाठीं विभाग सुरूं केला होता. असा रुग्ण कोणतीही खाट अडवीत नाहीं. म्हणून खाटांच्या हिशेबांत तो आजारीही पडत नाहीं आणि बराही होत नाहीं.

(३)

इस्पितळाच्या मार्गानें या किनाऱ्याचा शोध घेणाऱ्यास आणखी एक चकवा आहे. जुन्या इंग्रजी सूचींत 'कुलाबा येथील वेड्यांचें इस्पितळ' असा उल्लेख आढळतो. १८२६ मध्यें स्थापन झालेलें हें इस्पितळ मुंबईच्या दक्षिण टोंकास असलेल्या कुलाबा बेटावरचें होय. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याशीं किंवा त्यावरून नांव पडलेल्या जिल्ह्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. हें नामसाम्य जुनें आहे. इंग्रजांसही त्याचा त्रास होत असे, म्हणून आपल्या पत्रव्यवहारांत ते अलिबागच्या किल्ल्यास 'आंग्र्यांचा कुलाबा' असें म्हणून वेगळा काढीत. १८४० मध्यें आंग्र्यांचें संस्थान खालसा झालें व तो विशेषणाचा आधारही गेला. ज्यांच्या संग्रहांत 'कुलाबा' एवढ्याच नोंदीचा वेड्यांविषयींचा एकोणिसाव्या शतकांतील कागद असेल, त्यांनीं तो या जिल्ह्याच्या खातीं घालण्यापूर्वीं कागदावरील कचेरी व अधिकाऱ्याचा हुद्दा अवश्य तपासावा.

(४)

खाटा सोडून माणसें मोजण्याचा एक प्रयत्न सरकारनें केला होता, तो खानेसुमारींत. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारींत वेडे, मुके-बहिरे, आंधळे व महारोगी यांची नोंद होत असे. १९४१ मध्यें ती बंद झाली. ज्या दशकाचा इतिहास आपणांस पाहिजे त्याच्या तोंडाशींच हें साधन संपतें.

तें चालूं होतें तेव्हां तरी विश्वसनीय होतें काय? नोंद करणारा गणक वैद्य नव्हता. तो दारांत उभा राहून कर्त्या पुरुषास विचारी, आणि कर्ता पुरुष सांगेल तें लिही. घरांत लग्नाची मुलगी असतां तिच्या भावास वेड आहे असें सरकारी कागदावर कोण लिहवून घेईल? सुनेस वेडी म्हणण्यास मात्र तितका संकोच नसे. म्हणून त्या रकान्यांत वेडाचें प्रमाण सांपडत नाहीं. घराला काय लपवावेंसें वाटलें आणि काय सांगावेंसें वाटलें, याचें प्रमाण सांपडतें. आणि इतिहासकारास तेंही थोडें नाहीं.

दुसरें साधन लोकवार्तेचें. नाशिक येथें १९०९ मध्यें ज्यांचा वध झाला ते कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनीं लोकसमजुतींविषयीं प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली होती, आर. ई. एंथोवेन यांनीं ती संपादून कोंकणाचा भाग १९१५ मध्यें प्रसिद्ध केला. उत्तरें देणारे बहुधा गांवोगांवचे शाळामास्तर, आणि त्यांत कुलाबा जिल्ह्यांतील मास्तर पुष्कळ आहेत. वेताळ, मुंजा, हडळ, झोटिंग, खवीस यांच्या याद्या आणि भगत भूत कसें उतरवितो याचीं वर्णनें त्यांत विपुल सांपडतात. या पुस्तकाचा आधार घेऊन 'कोंकणांतील लोक वेडास भूतबाधा समजत' असें सरसकट विधान करण्याचा मोह अनेकांस होतो.

तें विधान पुराव्यास धरून नाहीं. मास्तरांस प्रश्न विचारला होता तो भुतांविषयीं. उत्तर भुतांविषयींच येणार. 'तुमच्या गांवीं कोणी भ्रमिष्ट आहे काय, व त्याचें घर त्यास कसें सांभाळतें' असा प्रश्न विचारला असता, तर त्याच मास्तरानें वेगळें कांहीं लिहिलें असतें. वैद्याचा काढा, देवाचा कौल, भगताचा अंगारा आणि सरकारी दवाखान्याची बाटली हीं एकाच घरांत, एकाच रुग्णासाठीं, एकाच महिन्यांत चालूं असूं शकतात. तसें आजही आपण पाहतों. प्रश्नावलीनें त्यांतील एकच उचलिलें आणि पुढच्या वाचकानें तेवढेंच सर्व मानिलें. भोर समितीनें खाटा मोजून घर सोडलें. जॅक्सनांच्या प्रश्नावलीनें भूत मोजून रुग्ण सोडला.

(५)

याहून अधिक उपयोगी, आणि सर्वांत कमी पाहिलें गेलेलें साधन म्हणजे १९१२ च्या वेड्यांविषयींच्या कायद्याखालीं झालेले कागद. हा कायदा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्यें अमलांत येईपर्यंत चालूं होता. म्हणजे आपला सर्व मध्यकाळ त्याच्या छायेंत गेला. त्याची रीत समजून घेतल्याखेरीज ते कागद वाचतां येत नाहींत.

रुग्ण इस्पितळांत जाण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली नातलगाच्या अर्जाची : नवऱ्यानें, बायकोनें अगर अन्य नातलगानें मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावयाचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे, आणि मॅजिस्ट्रेटानें चौकशी करून दाखल करून घेण्याचा हुकूम द्यावयाचा. दुसरी पोलिसांची : जो भटकत आहे, अगर ज्याच्यापासून धोका आहे असें वाटतें, त्यास मॅजिस्ट्रेटापुढें आणावयाचें. नातलग एखाद्या वेड्याचे हाल करीत आहेत किंवा त्याची हयगय करीत आहेत असें कळल्यास तेंही वरिष्ठांस कळविण्याचा भार पोलिसांवर होता. संशयित माणसास वैद्यकीय पाहणीसाठीं दहा दिवसांपर्यंत, आणि मुदत वाढवीत एकूण तीस दिवसांपर्यंत, अटकावून ठेवतां येत असे.

हे तीस दिवस आमच्या मतें फार महत्त्वाचे आहेत. ज्या जिल्ह्यांत मनोरुग्णालय नाहीं, तेथें सरकार आणि मनोरुग्ण यांची समोरासमोर गांठ पडते ती याच दिवसांत. डॉक्टर रोज येऊन पाहतो, शिपाई पहारा करितो, आणि मॅजिस्ट्रेट निर्णय देतो. या किनाऱ्यावर सार्वजनिक मनोरुग्णशुश्रूषा म्हणून जें कांहीं घडलें, त्याचा मोठा अंश या पाहणींत आहे. आणि भोर समितीच्या खाटांत तो धरलेला नाहीं, कारण रुग्ण अद्याप फाटकाशीं पोंचलेलाच नाहीं.

आतां वैद्यकीय दाखल्याचा नमुना पाहा. त्याचे दोन भाग असत. पहिल्यांत डॉक्टरनें स्वतः पाहिलेलीं वेडाचीं लक्षणें लिहावयाचीं; दुसऱ्यांत इतरांनीं सांगितलेल्या गोष्टी, सांगणाराच्या नांवासह. सरकारी नमुन्यांत घराच्या माणसास बोलावयास जागा आहे ती या दुसऱ्या भागांत. संग्राहकांनीं लक्ष द्यावें तें येथें.

मात्र ती जागाही चिकित्सेखेरीज घेतां येत नाहीं. समजा, एखादी सासू सांगते, 'हिला बाहेरचें लागलें आहे. रात्रीं उठून बंदरावर जाते, गेलेल्या लेंकरास हांका मारते.' डॉक्टर इंग्रजींत लिहितो कीं रुग्ण स्त्री रात्रीं भटकते व तिला भ्रम होतात. हें उदाहरण आम्हीं रीत दाखविण्यापुरतें कल्पिलें आहे; परंतु भाषांतरांत काय गळतें तें त्यावरून स्पष्ट होईल. मूळ वाक्यांत तिच्या दुःखाचें कारण होतें. दाखल्यांत लक्षण उरलें. 'बाहेरचें लागणें', 'वारें येणें', 'डोकें फिरणें', 'मन उडणें' या शब्दांचे अर्थ वेगळे आहेत व त्यांवर घरचे उपायही वेगळे होतात. इंग्रजी रकान्यांत त्या सर्वांचा एकच शब्द होतो. म्हणून दाखल्यासोबत मूळ मराठी जबानी, अर्जाचा कच्चा खर्डा, किंवा मुंबईस असलेल्या भावास लिहिलेलें पत्र सांपडलें, तर त्याची किंमत दाखल्याहून अधिक समजावी. त्या काळीं वडीलधाऱ्या पिढीच्या हातीं अजून मोडी होती. घरगुती टिपणें मोडींत असण्याचा संभव धरून चालावें. मोडी वाचणाऱ्यांनीं आपलें कसब केवळ पेशवाईपुरतें राखून ठेवूं नये.

(६)

कोणी म्हणेल, कीं दाखला म्हणजे दोन डॉक्टरांच्या सहीचा कागद. त्यावर अविश्वास कां? महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास याचें उत्तर कोल्हापूरच्या प्रकरणांत सांपडेल. छत्रपति शिवाजी महाराज (हे १८७१ मध्यें दत्तक आलेले) यांस वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें गेलें व तेथेंच २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाचा पुरावा म्हणून जीं पत्रें 'केसरी' व 'मराठा' यांच्या हातीं आलीं त्यांवर विसंबून टिळक व आगरकर यांनीं लिहिलें. पत्रें बनावट ठरलीं आणि दोघांनीं १८८२ मध्यें डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढिले. त्या एका प्रकरणांत वेडाचा शिक्का राज्यकारभाराच्या सोयीचा कसा असूं शकतो हेंही दिसलें, आणि त्या शिक्क्याविरुद्ध पुढें आलेला कागदही खोटा कसा असूं शकतो हेंही दिसलें. चिकित्सा दोन्ही बाजूंची हवी, ती यासाठीं.

सामान्य घरांत गादीच्या जागीं जमीन असते. नारळीपोफळीची वाडी, खारजमिनीचा तुकडा, समाईक घर, यांतील हिस्सेदारास वेडा ठरविल्यानें कोणास तरी लाभ होतो. कायद्यासही हें ठाऊक होतें. मालमत्तेच्या बाबतींत जिल्हा न्यायालयाकडून स्वतंत्र चौकशी करवून मिळकतीवर व्यवस्थापक आणि देहावर पालक नेमण्याची तजवीज होती. आणि रुग्णाच्या हिताचें आहे असें न्यायालयास वाटल्याखेरीज त्याच्या वारसालाच त्याचा पालक नेमूं नये, असें कायदा सांगे. तेव्हां वेडाचा दाखला हातीं येतांच त्याच वर्षाच्या आसपासचे वांटणीचे, गहाणाचे व खरेदीखताचे कागद शोधावे. ते एकाच रुमालांत असण्याचा संभव असतो, आणि बहुधा रुमाल विकणारा ते सुटे करूनच विकतो. रुमालाचा मूळ क्रम मोडला कीं हा पुरावा कायमचा जातो.

(७)

किनाऱ्याच्या एका भागासाठीं शोधाची दिशाच बदलावी लागते. मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या संस्थानांत होता. १९१२ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं होता. संस्थानचा कारभार निराळा. म्हणजे रेवदंड्याच्या खाडीच्या उत्तरेस एका कायद्याखालीं तयार झालेला कागद, त्याच वर्षीं, दक्षिणेस कांहीं कोसांवर त्याच रूपांत मिळेल अशी अपेक्षा करूं नये. विलीनीकरणानंतर दप्तरें एका जिल्ह्यांत आलीं, म्हणून त्यापूर्वींचा इतिहासही एक होता असें होत नाहीं. जिल्ह्याच्या नांवावर सरसकट निष्कर्ष काढणाऱ्या लेखांत ही गफलत वारंवार होते.

(८)

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा, कीं इस्पितळाच्या निंदेआड आम्ही घराचा गौरव करीत आहों. तसें नाहीं. घरांत साखळी होती, खोलीची बाहेरून लाविलेली कडी होती, उपासमारही होती. कायद्यास हालअपेष्टांविरुद्ध तरतूद करावी लागली, यांतच तें आलें. परंतु घराचा दोष दाखविण्यासाठींही घराचेच कागद लागतात. दुसऱ्या बाजूस, घराचें बळही पुढें अनुभवास आलें. टेलर यांनीं निकृष्ट ठरविलेलें पंजाबचें इस्पितळ लाहोरास होतें. फाळणीनंतर तेथील हिंदु व शीख रुग्ण १९५० मध्यें अमृतसरास आणिले गेले. त्याच अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं पुढें रुग्णांच्या नातलगांस आवारांत तंबू देऊन शुश्रूषेंत सहभागी करून घेतलें. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिनसारखीं औषधें उपलब्ध होऊं लागल्यावर घरीं राहून उपचार घेणें अधिक शक्य झालें. तरीही दीर्घकाळ आपलें धोरण खाटा, भिंती व तज्ज्ञ यांच्याच हिशेबानें चाललें. समितीच्या विचारांतून बंगलोर येथें १९५४ मध्यें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, हें मोठें कार्य झालें यांत संशय नाहीं. परंतु शुश्रूषा गांवापर्यंत नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला तो १९८२ मध्यें, आणि जिल्ह्याची योजना त्यानंतर १९९६ मध्यें. अहवालानें घराकडे पाहिलें असतें, तर हीं चाळीस-पन्नास वर्षें कांहीं अंशीं तरी वांचलीं असतीं, असें आमचें मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. हे कागद फार जुने नाहींत. १९४५ सालच्या अर्जांतील स्त्रीचीं मुलें आज हयात असूं शकतात. नातवंडें तर असणारच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास आपल्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. कायदा बाजूस ठेविला, तरी कोणाच्या आजीचें दुःख छापून आपल्या संग्रहाची शोभा वाढविणें हें संशोधन नव्हे.

यावर कित्येक घरंदाज कुटुंबें एक सोपा उपाय योजितात : कागद जाळून टाकणें. लाज आणि गुप्तता या दोन गोष्टी येथें एक समजल्या जातात. गुप्तता राखण्यासाठीं कागद नष्ट करावा लागत नाहीं. तो नीट ठेवावा लागतो. म्हणून संग्राहकांपुढें आम्ही कांहीं नियम विचारार्थ मांडतों. असा कागद सांपडल्यास रुमालाचा क्रम न मोडतां तो एखाद्या मान्य संस्थेच्या संग्रहांत बंद लखोट्यांत ठेवावा. सूचींत वर्ष, तालुका, कागदाचा प्रकार, भाषा व लिपि एवढेंच द्यावें. व्यक्तीचें नांव, आडनांव, वाडी, घर यांपैकीं कांहीं देऊं नये. लहान गांवांत धंदा व नातें सांगितल्यानेंही माणूस ओळखतां येतो, तेव्हां तेंही जपून द्यावें. असे कागद लिलावांत विकूं नयेत व विकत घेतल्यास त्याची जाहिरात करूं नये. कुटुंब परत मागेल, तर नक्कल न राखतां मूळ परत करावें लागेल हेंही गृहीत धरावें.

भोर समितीच्या अहवालाची प्रत आज सहज मिळते. तिच्यावर आणखी दहा लेख होतील. एखाद्या मामलेदार कचेरींतील हुकुमाची नक्कल, दाखल्याचा दुसरा रकाना, किंवा पेटींत पडलेला अर्जाचा मोडी खर्डा मात्र एकदां गेला कीं गेला. अलिबाग, पेण, महाड, मुरूड व श्रीवर्धन या भागांतील ज्या वाचकांकडे घराण्याचीं दप्तरें आहेत, त्यांनीं १९१२ नंतरचे कागद 'अलीकडचे' म्हणून बाजूस टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावे, एवढीच या लेखाच्या निमित्तानें विनंती आहे.